पेठेतली आळी राखायची तर सुरुवात छपरापासून

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतल्या एखाद्या बोळातून चालताना जुनेपण जाणवते ते मोजक्या गोष्टींमुळे: रस्त्याला लागून सलग उभ्या भिंती, काळ्या घडीव दगडाचे जोते, बसायला ओटा, माणूस वाकून आत शिरेल अशी दिंडी, उभट खिडक्यांची ओळ आणि वर कौलांची वळचण, म्हणजे छपराची पुढे आलेली कड. यातला नक्षीचा खांब किंवा कोरीव हस्त (छपराला खालून आधार देणारा लाकडी तुकडा) गेला तरी आळी ओळखू येते. ओटा आणि सलग भिंत गेली की काहीच उरत नाही. म्हणून रंगरंगोटी आणि दिवे यांवर पैसे घालण्याआधी वाडे उभे राहतील हे पाहावे. ते पडतात पाण्याने. खाली दिलेला क्रम त्याच हिशेबाने आहे. नाशिक, वाई, साताऱ्याच्या जुन्या वस्तीलाही तो बहुतेक लागू पडेल.

आधी मोजणी आणि नोंद

पावसाळ्याच्या दोन महिने आधी संपूर्ण आळीची नोंद करा. प्रत्येक वाड्याची समोरची बाजू 1:50 प्रमाणात काढायची. किती खण (दोन खांबांमधल्या जागा), जोत्याची रस्त्यापासून उंची, वळचणीची उंची, दिंडीची रुंदी, खिडक्यांची संख्या आणि त्यांची उंची-रुंदी, एवढे पुरे. टेप, ओळंबा आणि दोन माणसे असली की एका दिवसात तीन-चार वाडे होतात. दर वर्षी त्याच जागेवरून फोटो काढायचे. भिंतीचा फुगवटा किंवा झुकलेला खांब रोज पाहणाऱ्याला दिसत नाही, फोटोंची तुलना केली की दिसतो.

नोंदीत वेगवेगळ्या काळातले थर वेगळे दाखवा. मंगळुरी कौले बनवण्याचा कारखाना 1865 साली मंगळूरला सुरू झाला, त्यामुळे पेशवाईतल्या वाड्यावर ती दिसली तर छपराची ती नंतरची दुरुस्ती समजायची. लोखंडी गर्डर, बिडाचे कठडे, रंगीत काचांची तावदाने इंग्रजी अमदानीतली. नदीकाठच्या पेठांत 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरानंतर बांधलेल्या सिमेंटच्या भिंती सापडतील. सगळे खरवडून ‘मूळ पेशवाई’ शोधायच्या भानगडीत पडू नये. शंभर वर्षांचा बिडाचा कठडाही आता आळीचाच आहे. नंतरचा थर काढायचा तो फक्त नुकसान करत असेल तेव्हा.

भिंतीला तडा असेल तर लगेच बुजवू नका. तड्यावर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, शेजारी तारीख लिहा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे. कारण पायात किंवा छपरात शोधावे लागेल. काच शाबूत राहिली तर तडा जुना आहे, चुन्याने भरून टाका.

पाणी

छपरावर चढताना कौलांवर थेट पाय ठेवू नये. वाशांच्या (छपराच्या उतरत्या लाकडांच्या) रेषेवर फळी किंवा शिडी आडवी टाकून तिच्यावरून फिरायचे. केबलवाले, टाकी बसवणारे आणि पतंग काढणारी पोरे यांच्या पायाखाली जितकी कौले फुटतात तितकी वादळानेही फुटत नाहीत. मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण 15-16 लागतात. रिपांमधले, म्हणजे कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधले, अंतर आधीपासून ठरवू नका. आणलेल्या कौलांतली दहा-बारा जमिनीवर एकमेकांत अडकवून मांडा, मोजा आणि भागाकार करा. वेगवेगळ्या भट्टीच्या कौलांच्या मापात थोडाफार फरक असतो. जुन्या रिपांवर नवी कौले बसली नाहीत की मिस्त्री ती ठोकून बसवतो आणि फटी राहतात. जुनी चांगली कौले रस्त्याकडच्या पाख्यावर (छपराच्या उतारावर) घ्या, नवी मागच्या पाख्यावर. आढ्यावरची, म्हणजे छपराच्या माथ्यावरची, कौले चुन्यात बसवा. सिमेंट उन्हाने तडकते, तड्यातून गेलेले पाणी थेट आढ्यात मुरते.

चौकाच्या चारही कोपऱ्यांत दोन पाखे आतल्या बाजूने मिळतात, तिथली पन्हळ हा वाड्याचा सर्वांत नाजूक भाग. खालचा वासा आणि तुळईचे (मोठ्या आडव्या लाकडाचे) टोक इथेच आधी कुजते. जुना गंजलेला पत्रा काढून 22 गेजचा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घाला, दोन्ही बाजूंना कौलांखाली किमान 15 सेंटीमीटर वर चढवा. सांधा आला तर वरचा पत्रा खालच्यावर 15 सेंटीमीटर ओढा. तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरला तर 100 मिलिमीटर व्यासाचा उभा नळ साधारण 43 चौरस मीटर छपराला पुरतो. हिशेबाने एक नळ येत असला तरी दोन लावा, कारण पिंपळाची पाने आणि कबुतरांची घरटी यांनी एक तुंबणारच.

निळी ताडपत्री ही एका पावसाळ्याची सोय आहे. ती चार-पाच वर्षे तशीच राहिली की आतली वाफ बाहेर पडत नाही, थेंब धरतो आणि वासे वरून कोरडे, आतून भुसा होतात.

वरून येणाऱ्या पाण्याइतकेच खालचे. डांबरावर डांबर चढत पेठांतले रस्ते उंचावले आणि जोत्याच्या पायऱ्या जमिनीत गेल्या. बऱ्याच चौकांतली मोरी आता रस्त्याच्या गटारापेक्षा खाली आहे. पावसाचे पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येते. आळीच्या वतीने क्षेत्रीय कार्यालयाला लेखी अर्ज द्या: नवा थर टाकण्यापूर्वी जुना थर खरवडून काढावा आणि रस्त्याची पातळी जोत्याच्या अमुक दगडाखाली अमुक सेंटीमीटर ठेवावी. मोजणीचे रेखाचित्र इथे उपयोगी पडते. आकडा असलेल्या अर्जाला मोघम उत्तर देणे कठीण जाते. काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक भिंतीला भिडवू देऊ नका. भिंतीलगत 30 सेंटीमीटर रुंद, तितकीच खोल चर ठेवून ती गिट्टीने भरा, तळाशी गटाराकडे उतार असलेली भोके पाडलेली नळी घाला. जमिनीतला ओलावा तिथून उडून जातो, भिंतीत चढत नाही.

आणि न्हाणीघरे. वाड्यात खोल्या वाटल्या गेल्या तशी प्रत्येक बिऱ्हाडाने आपापली मोरी आणि संडास माडीवर, कडीपाटावर (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या जमिनीवर) बांधला. वरून फरशी कोरडी दिसते, खाली नळाच्या सांध्यातून थेंब वर्षानुवर्षे कडीवर पडत असतो. यावर गळतीरोधक रसायनाचा लेप तात्पुरता. सगळी न्हाणीघरे परसाच्या बाजूला एकावर एक आणावी आणि त्यांना पोलादाचा किंवा काँक्रीटचा स्वतःचा सांगाडा द्यावा. त्याचा भार जुन्या लाकडावर अजिबात येता कामा नये. बिऱ्हाडांचे एकमत व्हायला वेळ लागतो, पण माडी वाचवायला दुसरा टिकाऊ मार्ग नाही.

लाकूड

सागवान सहसा सगळीकडून एकदम कुजत नाही. तीन जागा तपासा: भिंतीत शिरलेले तुळईचे टोक, खांबाचा तळखड्यावर (खालच्या दगडावर) टेकलेला पाय आणि पन्हळीखालचे वासे. पेचकस टोचून पाहा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा आत सहज गेला किंवा हातोडीच्या मुठीने बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. ओलावा मोजायचे यंत्र असेल तर 20 टक्क्यांच्या वर आकडा दिसला की बुरशी लागणार हे धरून चाला. आधी पाण्याचा मार्ग बंद करा. ओले लाकूड बदलून नवे घातले आणि गळती तशीच ठेवली तर तेही कुजेल.

खांबाचा पाय बदलताना टेकू देणे हे अर्धे काम आहे. टेकू माडीवरून माडीवर देऊन भागत नाही, त्याचा भार थेट जमिनीपर्यंत, रुंद फळीवर उतरला पाहिजे. वाडा वर्षानुवर्षे खचत आलेला असतो. जॅकने त्याला एका दुपारी उचलायला गेलात तर वरच्या भिंतीच तडकतील. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर पुरे, आणि पूर्ण सरळ करण्याचा हट्टही नको. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या, मुरलेल्या जुन्या सागाचा तुकडा जोडा. पाडलेल्या वाड्यांचे लाकूड पुण्यात विकत मिळते, ते नव्यापेक्षा बरे. सांधा तिरका घ्या, खांबाच्या जाडीच्या किमान तिप्पट लांबीचा, आणि स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी आवळा. तुळईचे टोक परत भिंतीत घालताना तिन्ही बाजूंना 25 मिलिमीटर मोकळी जागा सोडा. गवंडी सवयीने ती सिमेंटने लिंपून टाकेल, म्हणून त्या वेळी समोर उभे राहा.

कडीपाटावरच्या मातीचा हिशेब क्वचितच कोणी करतो. 10 सेंटीमीटर माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे 160 ते 180 किलो. त्यावर पुढे शहाबादी फरशी, तिच्याखाली सिमेंटचा थर, मग आणखी टाइल असे चढत गेले असेल तर कड्या वाकणारच. नंतरचे थर काढा, मातीची जाडी कमी करा. हे करताना सगळी माती एका कोपऱ्यात रचू नका. खोलीच्या मधून दोन्ही बाजूंना सारखे काढत जा आणि निघालेला माल त्याच दिवशी खाली उतरवा.

वाळवीची मातीची नळी दिसली की ती पुसून टाकण्याआधी कुठून येते ते पाहा. ती जवळजवळ नेहमी ओल्या भिंतीतून किंवा जोत्यातून येते. जमिनीतल्या उपचारासाठी परवानाधारक कीडनियंत्रकच बोलवा. उघड्या पडलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण दोन-तीन हात द्या, पण जिथे पाऊस लागतो तिथे ते धुऊन जाते. शेवटी अळशीचे तेल. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका. तैलरंगाचा जाड थर लाकडाला श्वास घेऊ देत नाही, तो उष्ण हवेच्या बंदुकीने हळूहळू सोलावा. ब्लोटॉर्च वाड्याच्या आवारात आणूच नये.

चुना

वाड्याची भिंत पांढरी माती, पातळ विटा आणि चुना यांची. ती ओल घेते आणि सोडते. बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच अडकते, क्षार विटांत साठतात आणि विटा पिठासारख्या भुरभुरतात. वर्षभर भिंत नवीकोरी दिसते, मग गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि जाताना विटेची पुढची बाजू घेऊन जातो. तो काढताना छिन्नी-हातोडी वापरा. यंत्राच्या धक्क्याने मातीतले बांधकाम सैल होते.

कळीचा (भाजलेला, न विरलेला) चुना भिजवताना आधी पाणी, मग चुना. उलट केले तर उकळते शिंतोडे अंगावर येतात. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे, पोरांना लांब ठेवा. एक किलो कळीला अडीच ते तीन लिटर पाणी लागते. विरलेला चुना गाळून, वर पाणी राखून किमान तीन आठवडे मुरू द्या. जास्त मुरला तर अधिक चांगला. घाई झाली तर न विरलेले खडे गिलाव्यात राहतात, पुढे फुगतात आणि पृष्ठभागावर वाटाण्याएवढे खड्डे पडतात.

गिलाव्याला मापाने एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. ओल असलेल्या खालच्या भागासाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे भाजक्या विटांची पूड आणि दोन भाग वाळू. हा मसाला ओलीतही धरतो. तागाचे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे घातले की आकसून पडणाऱ्या भेगा कमी होतात. गूळ, मेथी, बेलफळाचा गर यांचे प्रमाण प्रत्येक गवंड्याचे निराळे. वाद घालण्यापेक्षा मागच्या भिंतीवर एक चौरस मीटरचा नमुना लावून महिनाभर पाहावे. पहिला थर 10-12 मिलिमीटर, नखाने ओरखडा पडेनासा झाला की 6-8 मिलिमीटरचा दुसरा. भिंत आधी भिजवा, नंतर सात ते दहा दिवस ओली गोणपाटे लावून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम उत्तम. एप्रिलच्या उन्हात केलेला चुना धरण्याआधीच वाळतो आणि हात फिरवला की पूड निघते. वरून प्लास्टिक रंग लावलात तर ही सगळी मेहनत फुकट. चुन्याचेच पातळ तीन-चार हात द्यावेत, रंग हवा असेल तर त्यात गेरू किंवा पिवळी माती.

जोत्याच्या काळ्या दगडाला काही लावू नका. रंग नको, पॉलिश नको, वाळूचा मारा तर मुळीच नको. दरजा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) रिकाम्या झाल्या असतील तर दोन-अडीच सेंटीमीटर खोल साफ करून चुन्याने भरा, आणि मसाला दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा.

वीज

लाकडी वाड्यांना आगीची मोठी भीती जुन्या वायरिंगची. लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी पूर्ण काढा, नव्या धातूच्या नळीतून उघड्यावर न्या. भिंत किंवा तुळई खोदून पुरू नका. प्रत्येक बिऱ्हाडाला एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा) आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा) वेगळा. मीटरांची पेटी दिंडीलगतच्या लाकडी जिन्याखाली असते, तिथून ती हलवा. आग लागली तर बाहेर पडायची तीच एक वाट आहे.

कागद

मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून काढा आणि वारसांच्या नोंदी पुऱ्या करून घ्या. तीन पिढ्यांपूर्वीचे नाव असलेल्या पत्रिकेवर परवानगीचा अर्ज अडतो. मग तीन गोष्टी तपासा: वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा वाड्यातून जाते का, आणि जवळ केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे का.

वारसा यादीतल्या इमारतींना तीन श्रेणी असतात. पहिलीत आत-बाहेर बदल जवळजवळ नाही, दुसरीत आतले बदल तपासून मिळतात, तिसरीत त्याहून मोकळीक. कोणत्याही श्रेणीत दर्शनी बाजू बदलण्याआधी वारसा समितीचा सल्ला आणि आयुक्तांची परवानगी लागते. न वापरलेल्या चटईक्षेत्रासाठी टीडीआरची, म्हणजे तो बांधकामहक्क दुसरीकडे विकण्या-वापरण्याची, तरतूद आहे. यादीत नाव आले म्हणजे वाडा सरकारजमा झाला ही पेठांत पसरलेली अफवा आहे. मालकी मालकाचीच राहते.

शनिवारवाडा आणि पाताळेश्वर यांच्याभोवतीच्या मालकांनी तिसरा मुद्दा नीट वाचावा. प्राचीन स्मारक कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटर हा प्रतिबंधित भाग आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम नाही. 16 जून 1992 पूर्वीच्या इमारतीची डागडुजी आणि नूतनीकरण मात्र सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर करता येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की तिथला वाडा उभा आहे तोवर दुरुस्त होऊ शकतो. पडला की त्याची बखळ (मोकळी जागा) होते आणि बखळीवर घर उभे राहत नाही. ‘पडू दे, मग बघू’ हा हिशेब तिथे मालकालाच बुडवणारा आहे.

धोकादायक इमारतीची नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली येते. 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला कलम 265अ नुसार स्थैर्य प्रमाणपत्र लागते. नोटीस आली की वाड्यावर ‘धोकादायक’ असा फलक लागेपर्यंत थांबू नका, स्वतःचा संरचना अभियंता लगेच नेमा. त्याने लाकूड आणि चुन्यात काम केलेले असावे. अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे दिसले तर अहवाल परत करा. ती चाचणी काँक्रीटसाठी आहे, लाकडी सांगाड्याबद्दल ती काहीच सांगत नाही. अहवालात प्रत्येक खांब-तुळईला क्रमांक, दोषाचा फोटो आणि टेकू, बदल, दुरुस्ती यांपैकी काय करायचे ते लिहिलेले हवे. तातडीचे टेकू दिल्याचे फोटो उत्तरासोबत जोडले की दुरुस्तीसाठी मुदत मागायला आधार मिळतो.

भाडेकरूंचे काय? भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 प्रमाणे डागडुजी मालकाची. 15 दिवसांच्या लेखी नोटिशीनंतरही त्याने केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तीस रुपये भाड्याच्या चौथ्या हिश्शात वर्षभरात किती कौले येतात ते ज्याचे त्याने पाहावे. म्हणून प्रत्यक्षात मालक-भाडेकरू लेखी करारच लागतो: कोण किती देणार, पैसे कोणत्या संयुक्त खात्यात, आणि दुरुस्तीने कोणाचेही हक्क वाढत नाहीत किंवा कमी होत नाहीत हे स्पष्ट वाक्य. त्या वाक्याशिवाय मालक हात आखडतो आणि भाडेकरू दार उघडत नाही.

बखळीवर नवे बांधताना

आळीचा चेहरा बहुतेक वेळा तळमजल्यावरच जातो. खाली खांबांवर पार्किंग, वर चार मजले असे एक घर आले की रस्त्याच्या भिंतीत अंधारी पोकळी पडते, ओटा जातो, संध्याकाळी बाहेर बसणारी माणसे जातात. यावर उपाय नकाशा मंजुरीला जाण्याआधीच काढायचा असतो. गाड्या आत घ्यायच्या तर एकाच तीन मीटर रुंद दरवाजाने मागच्या अंगणात न्या, उरलेल्या रुंदीत जोते, ओटा आणि खोली किंवा दुकान ठेवा. छोट्या प्लॉटवर ते जमत नसेल तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकच प्रवेश घ्यावा.

नव्या घराच्या वास्तुविशारदाला आळीच्या रेखाचित्राची प्रत द्या आणि चार मापे जुळवायला सांगा: जोत्याची उंची, पहिल्या मजल्याची रेषा, रस्त्याकडच्या वळचणीची उंची आणि खिडकीचे प्रमाण, म्हणजे रुंदीच्या दीडपट ते दुप्पट उंची. जादा मजले रस्त्यापासून मागे सरकवून घ्यावेत, म्हणजे समोरच्या ओट्यावरून ते दिसत नाहीत. एवढे जुळले तर घर विटेचे असो की काँक्रीटचे, खपून जाते. याउलट फायबरचे नक्षीदार हस्त आणि लाकडासारखा रंगवलेला पत्रा चिकटवलेली ‘वाडा स्टाइल’ इमारत आळीला शोभा आणत नाही. काच लावलेल्या इमारतीपेक्षाही ती जास्त खुपते.

दुकानांच्या पाट्या दरवाजाच्या माथ्यावरच्या पट्टीत, 60 सेंटीमीटर उंचीच्या आत. मागून प्रकाश येणारा प्लास्टिकचा डबा नको, वरून एक दिवा पुरे. एसीची बाहेरची यंत्रे चौकाकडे लावा, त्यांचे पाणी नळीने मोरीत सोडा. ओट्यावर टपकत राहिले तर दगडावर पांढरा क्षार चढतो आणि जोत्याच्या दरजा रिकाम्या होतात. जुना हौद किंवा आड सापडला तर त्यात राडारोडा टाकू नका. पेठांतले काही हौद कात्रजहून आणलेल्या नळाच्या पाण्याचे आहेत. गाळ काढून वर जाळी बसवली तर आडात छपराचे पाणी गाळून सोडता येते. मात्र त्याआधी पायाच्या भिंतीपासून आड किती लांब आहे ते अभियंत्याकडून बघून घ्या. अगदी भिंतीलगतच्या आडात छपराचे पाणी सोडले तर ते पायाखाली मुरते, म्हणून अशा ठिकाणी पाणी थेट गटारात न्यावे.